एका लॅबमधून एकच

ताई, गुरुवारी दुपारी माझ्या बढतीचा हुकूम आला. आपल्या भागातल्या सगळ्या सरकारी लॅबवर देखरेख करायची, असं पद आहे. मान्य असेल तर सही करा, नसेल तर तसं लिहून द्या, सोमवारपर्यंत मुदत, असं त्यात गुजरातीत लिहिलंय. आज रविवार. तीन दिवस माझा जीव थाऱ्यावर नाही. भाजी करपते, गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जाते, नवरा एक विचारतो आणि मी भलतंच उत्तर देते. त्याला वाटतं, मी घेऊ की नको या विचारात आहे. 'घे की, जन्मभर काचा घासल्यास, आता खुर्चीत बस,' म्हणतो. लॅबमधल्या मुलींनाही मी 'बघू, विचार करतेय' एवढंच सांगितलंय. मॅडमना पद नकोय, त्यांचा जीव मायक्रोस्कोपमध्ये आहे, असं त्यांनी आपापसात ठरवूनही टाकलं. त्यांना तसं वाटतं याचं कारण मी त्यांना तुमची गोष्ट कितीतरी वेळा सांगितली आहे. ती गोष्ट खरी नाही. ती तुम्हालाही मी खरी सांगितली नव्हती, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या खुर्चीवर आता तिसरी मुलगी बसते, पण खिडकी तीच आहे, सायकल स्टँडकडे उघडणारी, आणि तिच्याखालचा दगडी ओटाही तोच, स्लाइडी रंगवायच्या स्टेनचे जांभळे डाग पडलेला. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही त्या ओट्यावर रक्ताच्या स्लाइडी सुकत घालत होतात, गच्चीवर पापड घालावेत तशा ओळीने, आणि मागे न बघताच म्हणालात, 'चपला बाहेर. नाव मग सांग.' अख्खं हॉस्पिटल तुम्हाला 'बेन' म्हणायचं. मी तुमचं मराठी ऐकलं आणि माझ्या तोंडून 'ताई' निघून गेलं. 'अगं, आपल्याकडचीच निघाली ही,' म्हणून तुम्ही डबा उघडलात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केलात, आणि पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. 'सुरतेत वाढलेली दिसते,' म्हणालात तुम्ही. वाढलेलीच होते. वडील पोस्टात, आणि जिथे राहायचं तिथली अक्षरं यायला हवीत म्हणून त्यांनी मला गुजराती शाळेत घातलेलं. तुम्ही चोपड्याहून लग्न होऊन आलेल्या, बोलायला फर्डं गुजराती, पण लिहायचं म्हटलं की हात आखडायचा. त्या एका गोष्टीमुळे पुढे सगळं माझ्या हातात आलं.

दुसऱ्याच महिन्यात मी तोंडावर पडले होते, आठवतं? तापाचे दिवस, रांग पार केसपेपरच्या खिडकीपर्यंत गेलेली, गोडादऱ्याचे लूमवाले पाळी संपवून तसेच आलेले, केसांत धाग्यांचा भुगा. एकाच्या स्लाइडवर मला तांबड्या पेशीत कड्यासारखं काहीतरी दिसलं आणि मी लाल शाईने मलेरिया लिहून मोकळी झाले. तुमचा नियम होता की काही सापडलं, तर ती स्लाइड चिठ्ठी न लावता दुसरीच्या ट्रेमध्ये ठेवायची. तिला काही कळता कामा नये, तिने आपल्या डोळ्यांनी बघायचं. मी ठेवली नव्हती, घाई होती. संध्याकाळी रजिस्टर चाळताना तुम्ही थांबलात. 'ही दुसऱ्यांदा कोणी पाहिली?' मी म्हटलं, कोणी नाही. तुम्ही ओरडला नाहीत, खांद्याला धरून मला मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर बसवलंत. 'चक्री फिरव. हळू. पाह्य आता, ते पेशीच्या आत आहे का वर बसलंय?' चक्री फिरवली तशी पेशी धूसर झाली आणि ते कडं उलट स्पष्ट झालं. प्लेटलेट होती, पेशीवर येऊन बसलेली. आपल्या धंद्यातला प्रत्येक नवखा या एका प्लेटलेटला फसतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र रडू फुटलं. 'रडून काय होतंय? त्या माणसाला गोळ्या गेल्या का ते बघून ये,' म्हणालात. तेव्हापासून आजपर्यंत मी एकही स्लाइड एकीच्या नजरेवर सोडलेली नाही. कामातलं म्हणतेय मी हे.

तुम्हाला वर जायचं होतं, ताई. हे मी आधी स्वच्छ लिहून टाकते, कारण मी लोकांना नेमकं याच्या उलट सांगत आले आहे. नर्स लागलेली बाई पुढे इन्चार्ज सिस्टर होते, मेट्रन होते. डॉक्टरांचं तर बघायलाच नको. आपण लॅबवाले, एक्स-रेवाले, औषधाच्या खिडकीवरचे, ज्या पदावर लागलो त्याच पदावर हार घालून घरी. तुम्ही म्हणायचात, 'आपल्या शिडीला एकच दांडी आहे पोरी, तिच्यावर तीस वर्षं उभं राहायचं.' आणि दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की तुम्ही अर्ज करायचात, आमच्यासाठी वरचं पद तयार करा म्हणून. तुम्ही सांगायचात आणि मी गुजरातीत लिहायची. मी 'सविनय जणाववानुं के' लिहून होईपर्यंत तुम्ही तापलेल्या असायचात. 'लिही, ज्यांना मी सुई धरायला शिकवली ते डॉक्टर आता मला अरेतुरे करतात.' मी म्हणायची, ताई, असं अर्जात लिहीत नाहीत. 'मग काय लिहितात?' विनंती की योग्य ते व्हावं. 'लिही मग. योग्य ते व्हावं लिही. होणार काही नाही, पण अक्षर चांगलं काढ.' मी पानावर वळणदार अक्षरं काढायची आणि तुम्ही खाली मराठीत सही करायचात.

आणि मग एका पावसाळ्यात ते खरंच झालं. वरिष्ठ तंत्रज्ञाचं पद निघालं, खात्याची परीक्षा जाहीर झाली, आपल्या हॉस्पिटलच्या वाट्याला एक जागा आली. तुमच्या अर्जांमुळे की कुणाच्या आणखी कशामुळे, देव जाणे, पण तुम्ही परिपत्रक हातात घेऊन लॅबभर फिरलात. पर्वत पाटियाच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलात, मोतिया रंगाची साडी नेसून, केसांना काळा रंग लावून. मी हसले तर म्हणालात, 'हस. साहेब होणार म्हटल्यावर जरा नीट दिसायला नको?' रोज संध्याकाळी भाऊजी, तुमचे यजमान, लूमवरून आले की पुस्तक धरून तुम्हाला प्रश्न विचारायचे. चौथी शिकलेला माणूस, 'हिमोग्लोबिन' वाचताना अडखळायचा, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी मला त्याची नक्कल करून दाखवायचात. अर्ज मीच भरले, तुमचाही आणि माझाही. हो, माझाही. नोकरीला सात वर्षं झाली होती, परीक्षेला बसायची अट तेवढीच होती. तुम्हीच म्हणाला होतात, भरून टाक, अनुभव मिळेल.

दोन्ही अर्ज घेऊन मी ऑफिसात गेले. क्लार्कने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, 'एक लॅबमांथी एकज जण, बेन. बेउ परीक्षा आपवा जशो तो लोही कोण तपासशे?' एका लॅबमधून एकीनेच जायचं, दोघी गेल्या तर रक्त कोण तपासणार. बोलणं तसं चुकीचं नव्हतं, तापाची साथ होती. त्याने हात पुढे केला. माझ्या हातात दोन कागद होते, एकावर एक. माझा वर होता. मुद्दाम ठेवला नव्हता, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले आहे, आणि ते कदाचित खरंही असेल. पण खालचा वर घ्यायला किती वेळ लागतो? मी वरचा दिला. त्याने शिक्का मारला. तुमचा अर्ज मी घडी करून पर्समध्ये टाकला, फोटो आतल्या बाजूला येईल असा, आणि बाहेर पडले.

ऑफिसपासून लॅबपर्यंतचा तो लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना पेशंट बसलेले. त्या व्हरांड्यात मी काय सांगायचं ते जुळवलं. तुम्ही स्लाइड बघत होतात. डोळा न काढताच विचारलंत, 'दिले?' मी म्हटलं, 'ताई, एका लॅबमधून एकच घेतायत. आणि मोठे साहेब म्हणाले, बेनला सोडता येणार नाही. ती गेली तर या दिवसांत लॅबच बंद पडेल.' साहेब त्या दिवशी ऑफिसात नव्हतेसुद्धा. तुमचा हात चक्रीवर तसाच राहिला. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, तावातावाने साहेबांच्या केबिनकडे जाल आणि माझं बिंग फुटेल. तुम्ही मान वर केलीत तर तुमचा चेहरा उजळला होता. 'असं म्हणाले?' हो. 'म्हणजे एवढं तरी कळतं त्यांना,' म्हणालात तुम्ही, आणि पदर खोचून परत लेन्सला डोळा लावलात. थोड्या वेळाने म्हणालात, 'तू जा. नीट अभ्यास कर. मी पुढच्या वर्षी.' तिथे मला सांगता आलं असतं. तुम्ही रागावला असतात तर मी बहुतेक सांगितलंही असतं. तुम्ही खूश झालात, आणि मी माझ्या स्लाइडींकडे वळले.

मग दुपारपर्यंत ते सगळ्या हॉस्पिटलला कळलं. तुम्ही एक्स-रेवाल्याला सांगितलंत, सिस्टरांना सांगितलंत, कँटीनवाल्यालाही सांगितलंत. परीक्षेच्या दिवशी तुम्ही एकटीने अख्खी रांग निपटलीत. निकाल लागला तेव्हा तुम्ही तुमची डायमंड पेन्सिल मला दिलीत, स्लाइडवर नंबर कोरायची, टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली. कुणा हिरेकारागीर पेशंटने तुम्हाला करून दिली होती आणि तिला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात. मी ती घेतली. नको म्हटलं नाही, कारण नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी परीक्षा झाली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. ती परत निघाली तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात. ज्या पदावर लागलात त्याच पदावरून. आणि मी तुमच्यावर सही करणारी वरिष्ठ, पाच वर्षं. रजिस्टर माझ्यापुढे ठेवताना तुम्ही गमतीने 'साहेब' म्हणायचात, आणि मी हसून सही करायची. तुमच्या निरोपसमारंभात तुम्ही भाषणात ते सांगितलंत, साहेबांनी मला सोडलंच नाही म्हणून. तोवर तीन साहेब बदलले होते. समोर बसलेल्याने काही माहीत नसताना मान डोलावली. साहेबलोकांना तेवढं जमतं.

तुम्ही गेल्यावर मी त्या गोष्टीला तिखटमीठ लावत गेले. आधी 'साहेबांनी सोडलं नाही' असं सांगायची. मग हळूहळू 'त्यांनाच जायचं नव्हतं' असं झालं. नव्या मुलींच्या ट्रेनिंगमध्ये मी सांगते, आमच्या ताई होत्या, पद पायाशी आलं होतं, पण म्हणाल्या मला माझा मायक्रोस्कोप पुरे. मुलींचे डोळे भरून येतात. एक आहे आपल्याच गोडादऱ्याची, घरचे जळगावकडचे पण ही गुजरातीतच बोलते, ती एकदा म्हणाली, 'मॅडम, आवा माणसो हवे क्यां?' अशी माणसं आता कुठे. मी म्हटलं, खरं आहे. मी असं का सांगत गेले ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला ते पद नकोच होतं असं ठरलं, की कुणी कुणाचं काही घेतलं नाही. आयत्या बिळात नागोबा होऊन बसलं की बीळ कुणी खणलं हे विसरावंच लागतं.

शुक्रवारी मी आणखी एक केलं. ऑफिसात जाऊन त्या परीक्षेची जुनी फाइल काढायला लावली. आता मोठी मॅडम होणार म्हटल्यावर कुणी कारण विचारत नाही. ते परिपत्रक सापडलं, कडा खाल्लेलं. एका लॅबमधून एकच असा नियम त्यात कुठेच नाही. तीनदा वाचलं. क्लार्क आपल्या मनाने बोलला होता. मी साहेबांची वाट बघितली असती, विचारलं असतं, तर एका दिवसापुरती दुसऱ्या लॅबमधली कुणी मागवून दोघींना जाता आलं असतं. मला हे कळल्यावर धक्का बसायला हवा होता, बसला नाही. कारण मी तेव्हा विचारलं नाही ते न सुचल्यामुळे नव्हे. जागा एकच होती. दोघी पास झालो असतो तर आधी लागलेल्या म्हणून ती तुम्हाला गेली असती. सात वर्षं तुमचे अर्ज मीच लिहिले होते, कुणाचा नंबर कुठे लागतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुम्ही पाच वर्षांनी निवृत्त होणारच होतात, मला थांबता आलं असतं. पण तेहतीस वर्षांच्या बाईला पाच वर्षं म्हणजे जन्म वाटतो.

काल दुपारी पेढे घेऊन तुमच्या घरी गेले. बढती मिळाली की वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, हे निमित्त होतं. भाऊजींना सगळं सांगून टाकायचं असं ठरवून निघाले होते. पर्वत पाटियाला कापडाच्या टेंपोंनी रस्ता तुंबला होता, रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते, त्या व्हरांड्यात जुळवली होती तशीच. भाऊजी आता थकलेत. ऐकू कमी येतं, लूमवर आयुष्य गेलं त्याचं ते देणं. तुमचा फोटो भिंतीवर आहे, मोतिया साडीतला. दुसरा धड फोटोच नव्हता म्हणे, मोठा करून घेतला. मी पेढे पुढे ठेवले, पाया पडले, मोठ्याने सांगितलं, बढती मिळाली. त्यांनी सुनेला हाक मारली. 'हाई तीच पोर शे, तुनी सासूनी तयार करेल,' म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, 'तिले सोडंच नही त्यासनी. साहेब म्हने, बेन गयी ते लॅब बंद पडी जाई. तूच सांगेल व्हतं ना?' मी मान हलवली. म्हणाले, 'आखरीले बी तेच सांगे. दवाखानामा नर्सले सांगे, डॉक्टरले सांगे.' सून हसून म्हणाली, आमच्या मुलांनासुद्धा पाठ आहे ते. मग ती चहा ठेवायला आत गेली. भाऊजींनी पेढा तुमच्या फोटोपुढे ठेवला. माझ्या तोंडाशी आलेलं मी चहाबरोबर गिळलं आणि निघाले.

त्यांचं मन मोडवेना म्हणून गप्प बसले, असं मी लिहू शकते. वाचायला बरं दिसेल. पण मी घाबरले होते, ताई. त्या खोलीत मी तुमच्या हाताखाली तयार झालेली पोर आहे, आणि मला तेच राहायचं होतं. हे पत्र त्याच पत्त्यावर टाकता येईल, पण भाऊजींना आता वाचवत नाही, सूनच त्यांच्या कानाशी मोठ्याने वाचून दाखवेल, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. म्हणून हे इथेच राहणार. मुलींचे परीक्षेचे अर्ज पुढच्या महिन्यात माझ्याच टेबलावर येतील. तिघी आहेत, जागा या वेळीही एकच. गोडादऱ्याच्या त्या मुलीने परवा विचारलं, आम्हा तिघींना बसता येईल ना? मी हो म्हटलं. एवढं मी करीन. त्याने तुमचं काही परत येत नाही, हे मला कळतं.

आणि एक. तीन दिवस मी सगळ्यांना सांगतेय की विचार करतेय. सही मी गुरुवारीच केली. शिपाई हुकूम घेऊन लॅबच्या दारात उभा होता, त्याला मी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. त्याच्याच खिशातलं पेन मागून घेतलं, उभ्या उभ्या सही केली आणि कागद परत दिला. तेव्हा तुमची आठवण झाली नव्हती. ती तो गेल्यावर झाली.